ट्रॅक्टरच्या फोर व्हीलचा दांडा सुटतो? तपासणी बाहेरून आत करावी

द्राक्षबागेतील फवारणी, भातखाचरातील चिखलणी आणि चढउताराच्या जमिनीची मशागत या कामांसाठी चारही चाकांना गती देणारा ट्रॅक्टर फार उपयोगी पडतो. मागील चाके घसरू लागली तरी पुढील चाके ओढ घेतात, त्यामुळे वजनाने लहान असलेला ट्रॅक्टरही ओल्या जमिनीत काम उरकतो. नाशिक, सांगली भागातील बागांमध्ये आणि कोकणातील खाचरांत असे ट्रॅक्टर आता बरेच दिसतात. त्यांच्याबाबत एक तक्रार मात्र ठरलेली असते. फोर व्हीलचा दांडा टाकला की तो बसतो, आवाजही येतो. पण थोडे अंतर गेले, धक्का बसला किंवा ओढ वाढली की दांडा आपोआप मागे येतो आणि पुढील चाकांची ओढ बंद पडते.

यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांडा सीटखालच्या पट्टीला ताणून बांधलेला दिसतो. शेतकरी बंधूंनो, अशी ट्यूब आपल्या ट्रॅक्टरवर असेल तर ती आजच सोडावी. ट्यूबमुळे दांडा जागेवर राहतो, पण दोष वाढत जातो. आणि गंमत अशी की पुष्कळ वेळा मूळ दोष पेटीच्या आत नसतोच. तो बाहेरच्या पिना, सळई आणि दांड्याची खाच यांत असतो व घरच्या पान्यांनी दूर होतो.

दांडा काय काम करतो?

गिअरबॉक्सच्या खालच्या किंवा बाजूच्या अंगाला पुढील चाकांकडे गती वळवणारी एक लहान पेटी असते. तिच्यात स्प्लाइनच्या शाफ्टवर एक गिअर किंवा कपलिंग पुढेमागे सरकते. ते सरकून शेजारच्या दात्यांत अडकले की ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट फिरू लागतो व गती पुढील आसाकडे जाते. हा गिअर सरकवण्याचे काम फोर्क करतो. फोर्कची दोन बोटे गिअरवरील गोल खाचेत बसलेली असतात. फोर्कला पेटीबाहेरून एक आखूड आर्म जोडलेला असतो आणि आर्मपासून सीटजवळच्या दांड्यापर्यंत एक सळई येते. फोर्कच्या दांडीवर दोन लहान खाचा असतात, एक 'चालू'ची व एक 'बंद'ची. स्प्रिंगने दाबलेला छर्रा या खाचांत बसतो. दांडा टाकताना हाताला जो 'टक्' असा ठोका लागतो तो या छऱ्याचा.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ओढीच्या वेळी गिअर धरून ठेवण्याचे मुख्य काम छर्रा करत नाही. दाते पूर्ण रुंदीने एकमेकांत बसले असतील तर ओढ आल्यावर ते एकमेकांना आपोआप घट्ट धरतात. छर्रा फक्त हादऱ्याने गिअर सरकू नये एवढे पाहतो. दाते अर्धेच बसले असतील तर सगळा भार त्यांच्या टोकांवर येतो, टोके गोलसर होतात, दात्यांना उतार पडतो आणि मग ओढच गिअरला बाहेर ढकलू लागते. दांडा जितक्या वेळा सुटतो तितके दाते अधिक झिजतात. म्हणून पहिल्या दोन-चार वेळा दांडा सुटला तेव्हाच तपासणी केली तर काम थोडक्यात भागते.

ट्यूब बांधल्याने काय होते तेही यावरून लक्षात येईल. फोर्कची बोटे व गिअरची खाच यांत एरवी थोडी फट असते आणि गिअर मोकळा फिरतो. ट्यूबेच्या ताणाने बोटे फिरत्या खाचेवर सतत दाबली जातात, घासून तापतात व झिजतात. हा कीस तेलात उतरतो. अनेक लहान ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, मागील आस आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकच तेल असते. म्हणजे दांड्याच्या दोषाचा कीस शेवटी हायड्रॉलिक पंपाकडे जातो. "दांडा सुटतो" म्हणून सुरू झालेली गोष्ट "लिफ्ट उचलत नाही" येथपर्यंत अशीच जाऊन पोहोचते, आणि तोवर ट्यूब कधी बांधली हे घरात कोणाला आठवतही नसते.

उतारावर आणि चिखलात धोका

खर्चापेक्षाही मोठी बाब सुरक्षिततेची आहे. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागील चाकांनाच असतात. फोर व्हील लागलेले असताना मधल्या शाफ्टमुळे पुढील चाकेही त्याच ब्रेकला व इंजिनाच्या रोधाला बांधली जातात. भरलेली ट्रॉली घेऊन ओला, कच्चा उतार उतरताना याचाच आधार असतो. उताराच्या मध्यावर दांडा सुटला तर पुढील चाके एकदम मोकळी होतात, मागील दोन चाकांवरच सगळा रोध येतो आणि ती घसरू लागली की ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूने ढकलते. ज्या ट्रॅक्टरचा दांडा एकदा जरी आपोआप सुटला आहे, तो दुरुस्त होईपर्यंत भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर नेऊ नये.

चिखलातही असेच आहे. दांडा सुटला की मागील चाके रुततात. चालक चिडून थ्रॉटल वाढवतो, क्लच झटक्याने सोडतो आणि पुढचा भाग उचलला जातो. अशा वेळी अवजार उचलून हलके करावे, दांडा पुन्हा टाकून ट्रॅक्टर सावकाश मागे घ्यावा. जमले नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा. मागील चाकांना लाकूड बांधून जोर लावण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो.

दोष कोठे आहे, याचा अंदाज

पाने हातात घेण्यापूर्वी प्रथम एवढे पाहावे की दांडा खरोखरच मागे येतो का. दांड्याच्या शेजारी खाचेवर खडूने किंवा रंगाने खूण करावी व मऊ रानात हलके अवजार लावून चालवावे. दांडा खुणेवर स्थिर असूनही पुढील चाके ओढत नसतील तर तो सुटण्याचा दोष नव्हे. मग लांब शाफ्टच्या दोन्ही टोकांची कपलिंगे, त्यांच्या पिना व पुढील आसाचा डिफरन्शियल यांत बिघाड शोधावा लागेल. सळईची पिन गळून पडली असेल तरीही दांडा जागेवर राहतो आणि आत काहीच होत नाही, तेही वाकून पाहावे.

दांडा मागे येत असेल तर तो नेमका केव्हा येतो याकडे लक्ष द्यावे. बांध ओलांडताना, ढेकळांतून जाताना हादऱ्याने येत असेल तर छर्रा, स्प्रिंग किंवा दांड्याला अडणारी एखादी वस्तू यांवर संशय घ्यावा. ओढ वाढली की येत असेल तर दाते अपुरे बसत आहेत किंवा झिजले आहेत. थ्रॉटल कमी केल्यावर, उतारावर ट्रॅक्टर स्वतःच पुढे ढकलला जात असताना येत असेल तर दात्यांची दुसरी बाजू झिजली असण्याची किंवा शाफ्टला लांबीच्या दिशेने ढिलाई असण्याची शक्यता असते. हे निरीक्षण चालकाने करून ठेवले तर मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो. बरेचदा मालक एक सांगतात आणि चालक दुसरेच, म्हणून ट्रॅक्टर जो रोज चालवतो त्यालाच विचारावे.

सळई आणि दांडा

तपासणीसाठी ट्रॅक्टर सपाट, कठीण जागी उभा करावा. अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हँडब्रेक लावावा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत. फोर व्हील बंद असताना हँडब्रेक मागील चाकांनाच धरतो, हे विसरू नये. आणखी एक सूचना: फोर व्हील लागलेले असताना फक्त मागील चाके जॅकवर उचलून इंजिन कधीही सुरू करू नये. जमिनीवरची पुढील चाके ट्रॅक्टरला जॅकवरून ओढून काढतात.

प्रथम दांड्याची खाच, रबरी बूट व सळईचे सांधे धुऊन स्वच्छ करावेत. चिखलणीच्या हंगामानंतर फूटबोर्डखाली वाळलेल्या मातीचा थर इतका घट्ट बसतो की दांडा पूर्ण पुढे जाऊच शकत नाही. कडक झालेला रबरी बूटही दांड्याला मागे लोटतो. बूट वर सरकवून ट्रॅक्टर चालवून पाहिला आणि दांडा सुटेनासा झाला, तर तपासणी तेथेच संपली. नवा बूट बसवावा.

यानंतर सळईच्या दोन्ही टोकांच्या पिना पाहाव्यात. पिन बारीक होते, पिनेचे भोक लांबट होते. एका सांध्याची ढिलाई थोडी वाटते, पण तीन-चार सांध्यांची मिळून दांड्याच्या टोकाशी चांगली दोन बोटे होते. म्हणजे दांडा पूर्ण टाकला असे हाताला वाटते आणि आत गिअर अर्ध्यावरच थांबलेला असतो. झिजलेल्या पिना बदलाव्यात. भोक लांबट झाले असल्यास ते मोठे करून बुश घालून घ्यावा किंवा क्लेव्हिस नवीन घ्यावी. पिनेच्या जागी खिळा किंवा तार घालू नये. स्प्लिट पिन दर वेळी नवीन वापरावी, तिची किंमत ती काय!

आता मुख्य परीक्षा. सळई पेटीच्या आर्मपासून सोडवावी. आर्म हाताने किंवा पान्याने 'चालू'च्या दिशेने छऱ्याचा ठोका लागेपर्यंत न्यावा. दाते समोरासमोर आल्यामुळे तो जात नसेल तर त्याला हातोडी मारू नये. ठोकळे काढून ट्रॅक्टर किंचित पुढेमागे ढकलावा, पुन्हा ठोकळे द्यावेत, मग तो सहज जातो. आर्म जेथे थांबेल तेथे पेटीवर खूण करावी. त्यानंतर सळई जोडून हेच काम सीटवरून दांड्याने करावे व आर्म त्या खुणेपर्यंत पोहोचतो का ते पाहावे. खुणेच्या अलीकडे थांबत असेल तर दोष सापडला.

सळईच्या क्लेव्हिसचे चेक नट सैल करून लांबी एकेक फेरा कमी-जास्त करावी. नियम एकच आहे. दांडा खाचेच्या कडेला टेकण्यापूर्वी आत छर्रा बसला पाहिजे. 'चालू' आणि 'बंद' या दोन्ही स्थितींत दांडा व खाचेची कड यांत पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. एकीकडे जागा राहते व दुसरीकडे राहत नाही, असे असेल तर लांबी अजून जुळलेली नाही. दोन्हीकडे राहत नसेल तर सांधे ढिले आहेत किंवा सळई वाकली आहे. फूटबोर्ड रबरांवर बसवलेला असेल तर ती रबरे दबून बोर्ड खाली आला आहे का तेही पाहावे, कारण बोर्ड खाली आला की त्याच्यावरची खाचही जागा सोडते. लांबी जुळल्यावर चेक नट घट्ट आवळावा.

तरीही शंका राहिली तर सळई सोडवलेलीच ठेवून, तिचे टोक शाफ्टला लागणार नाही असे वर बांधून, आर्म हाताने 'चालू' करावा व मऊ रानात हलक्या ओढीने थोडे चालवून पाहावे. अशा स्थितीत गिअर सुटला नाही तर पेटी निर्दोष असून दोष बाहेरच आहे, असे खात्रीने समजावे. केवळ एवढी परीक्षा न केल्याने पेटी विनाकारण उघडली जाते. हे काम सपाट रानातच करावे, उतारावर नव्हे.

छर्रा आणि स्प्रिंग

बाहेरचे सर्व ठीक असूनही दांडा सुटत असेल तर छर्रा पाहावा. अनेक मॉडेलमध्ये पेटीच्या अंगावर एक बोल्ट असतो. त्याच्याखाली स्प्रिंग व तिच्याखाली छर्रा असतो. त्याची जागा पुस्तिकेतील आकृतीत मिळते. बोल्ट काढण्यापूर्वी भोवतालची जागा डिझेलने धुऊन घ्यावी व खाली स्वच्छ भांडे ठेवावे, कारण तेल येऊ शकते. छर्रा लोहचुंबकाने उचलावा. त्याच्यावर चपटा भाग किंवा खड्डे दिसले तर तो बदलावा. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची ताडून पाहावी. आखूड झाली असेल तर दोन्ही वस्तू एकदमच नवीन घालाव्यात. जुनी स्प्रिंग ओढून लांब करणे किंवा तिच्यावर वॉशर घालून दाब वाढवणे हे दोन्ही चुकीचे. पहिली काही दिवसांत पुन्हा दबते, आणि दुसऱ्या प्रकारात दांडा इतका जड होतो की चालक लाथेने टाकू लागतो व फोर्क वाकतो. काही ट्रॅक्टरमध्ये छर्रा पेटीच्या आतच असतो. तेथे हे काम पुढील टप्प्यातच होते.

पेटी उघडण्याआधी टायर व तेल

पुढील चाके जमिनीवर मागील चाकांपेक्षा किंचित अधिक वेगाने फिरावीत अशी फोर व्हीलची रचना असते. हा अधिकपणा साधारण १ ते ५ टक्के असतो. पुढचे टायर झिजले आणि मागचे नवे घातले, किंवा बाजारात स्वस्त मिळाले म्हणून वेगळ्या मापाचे टायर घातले, की हे प्रमाण बिघडते. मग पुढचा व मागचा भाग एकमेकांशी झगडतात, शाफ्टला पीळ बसतो, दाते कायम ताणाखाली राहतात, दांडा काढताना जड येतो आणि कधी एकदम उसळून सुटतो.

हे घरी मोजता येते. पुढील व मागील एका चाकावर खडूची खूण करावी. सपाट, घट्ट जमिनीवर सावकाश सरळ चालवून मागील चाकाच्या १० फेऱ्यांत पुढील चाकाच्या किती फेऱ्या होतात ते आधी फोर व्हील बंद ठेवून व नंतर चालू करून मोजावे. मोजणाऱ्याने बाजूला दूर राहून चालावे. समजा, बंद असताना १६ व चालू असताना १६.५ फेऱ्या झाल्या, तर अधिकपणा ३.१ टक्के आला, तो ठीक आहे. चालू असताना फेऱ्या पूर्वीपेक्षा कमी आल्या किंवा अधिकपणा ५ टक्क्यांच्या बराच वर गेला, तर आधी हवा पुस्तिकेप्रमाणे भरून पुन्हा मोजावे व नंतर टायरच्या मापांकडे वळावे.

तेलाचाही तपास घ्यावा. निचऱ्याच्या लोहचुंबकी बोल्टवर काळसर, लोण्यासारखा मऊ थर असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा सापडला तर ट्रॅक्टर पुढे चालवू नये.

पेटी उघडावी लागली तर

हे काम जाणकार मिस्त्रीचे आहे. आपण मात्र जवळ उभे राहावे आणि काय पाहायचे ते माहीत असू द्यावे. फोर्कची बोटे व गिअरची खाच यांतील फट फीलर गेजने मोजायला सांगावी. नव्या यंत्रात ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते. नेमकी मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते व ती दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावी. बोटे एका बाजूने चकचकीत, निळसर पडली असतील तर ती ट्यूबेची किंवा दांड्यावर पाय ठेवून बसण्याची खूण समजावी. फोर्क त्याच्या दांडीवर स्क्रूने आवळलेला असल्यास तो स्क्रू सैल नाही ना हे पाहावे. वाकलेला फोर्क तापवून सरळ करू नये.

सरकणाऱ्या गिअरचे दाते उजेडात धरून बाजूने पाहावेत. टोकाकडे उतार पडला असेल तर तो गिअर व त्याचा जोडीदार दोन्ही बदलावेत. एकच नवा घातला तर जुना त्याला लवकर आपल्यासारखा करून टाकतो. दात्यांवर वेल्डिंगने धातू चढवून घासण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नये. दात्यांचे कडक केलेले पाणी उतरते व ते भारात तुटतात. शाफ्ट लांबीच्या दिशेने हलवून पाहावा. ढिलाई असल्यास बेअरिंग, सर्क्लिप व शिम तपासाव्यात. निघालेल्या शिम ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवाव्यात. बंद करताना नवे गॅस्केट, नवे ऑइल सील आणि पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे तेल वापरावे. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत, ते आपले असतात.

ज्या ट्रॅक्टरमध्ये फोर व्हील दांड्याऐवजी बटणाने, तेलाच्या दाबावर लागते त्यांना वरील सळईची व छऱ्याची माहिती लागू पडत नाही. त्यांची तपासणी सेवा केंद्रातच करावी.

दुरुस्तीनंतरची चाचणी व चालकाची सवय

दाते गोल होण्याचे एक मोठे कारण चुकीच्या वेळी दांडा टाकणे हे आहे. मागील चाके घसरून गरागरा फिरू लागल्यावर चालत्या गाडीत दांडा ओढला की दात्यांवर दाते आपटतात. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत चालता टाकण्याची परवानगी स्पष्ट दिली नसेल तर ट्रॅक्टर थांबवून, क्लच पूर्ण दाबूनच दांडा टाकावा. खाचरात उतरण्यापूर्वी बांधावरच टाकावा. तो जात नसेल तर लहान गिअरमध्ये क्लच किंचित सोडून चाक वीतभर फिरू द्यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. पक्क्या सडकेवर, सपाटीला फोर व्हील बंद ठेवावे. काढताना दांडा अडला तर सरळ मागे थोडे जावे, पीळ सुटतो व दांडा हलका येतो.

चाचणी प्रथम अवजाराशिवाय, नंतर कल्टिव्हेटर लावून व शेवटी नेहमीच्या भाराने घ्यावी. खडूची खूण तशीच ठेवावी. प्रत्येक वेळी ओढ वाढवून, थ्रॉटल एकदम कमी करून आणि बांधाचा धक्का देऊन, अशा तिन्ही प्रकारे पाहावे. दोन-तीन दिवसांच्या कामात दांडा खुणेवरून हलला नाही तर चेक नट पुन्हा एकदा आवळावा, तेलाची पातळी पाहावी व त्यानंतरच ट्रॉली जोडावी.